ताट पुसून घेतल्यावर

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आईने पाठवलेला एक फोटो आहे. स्टीलच्या ताटात ज्वारीची भाकर, तिच्या बाजूला पसरलेलं बेसन, बुक्कीने फोडलेला कांदा. ट्यूबलाइटचा एक पांढरा पट्टा ताटाच्या काठावरून थेट बेसनात उतरलाय. वरच्या कोपऱ्यात गॅसची नळी आलीय, खालच्या कोपऱ्यात आईच्या पायाचा अंगठा. खाली लिहिलंय, ‘आज बेसन’. बाकीच्या महाराष्ट्रात ज्याला पिठलं म्हणतात ते हे. आमच्याकडे, म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या धनजला, पीठही बेसन आणि त्याचं कालवणही बेसनच.

फोटो म्हणून हा फोटो वाईट आहे, यावर इन्स्टाग्रामवरच्या कुठल्याही दोन माणसांचं एकमत होईल. मीही त्यांच्यात होतो. २०२३च्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी आईला ‘नीट’ फोटो काढायला शिकवलं. खिडकीजवळ स्टूल ठेवलं. त्यावर जुनी सुती साडी चौघडी करून अंथरली. ट्यूबलाइट बंद केली, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की पांढऱ्या रंगाचे दोन तुकडे पडतात. ताटाचा काठ फडक्याने पुसून घेतला. बेसनावर सांबार भुरभुरला (सांबार म्हणजे आमची कोथिंबीर, इडलीबरोबरच्या सांबाराशी त्याचा संबंध नाही). फोन ताटाच्या बरोबर डोक्यावर, जमिनीला समांतर धरला. वाइड लेन्सने जवळून काढलं की ताटाचा काठ ताणला जातो, म्हणून थोडं लांब उभं राहून टू-एक्सवर काढला. आई बाजूला उभी राहून म्हणत होती, “थंडं होऊन राह्यलं ना ते. जेव आंधी.”

फोटो सुंदर आला. तो ग्रुपवर टाकल्यावर मामेबहिणीने विचारलं, “कोणत्या हॉटेलात गेलते?” तेव्हा मला ती शाबासकी वाटली होती.

घरच्या जेवणाचा फोटो चांगला आला की तो हॉटेलातला का वाटतो, हा प्रश्न मला नंतर बरेच दिवस पुरला. त्याचं सोपं उत्तर असं की फोटोची भाषाच आपण तिथून उचललीय. पण ती भाषा नेमकी काय सांगते आणि काय सांगू देत नाही, हे बघायला जरा मागे जावं लागतं.

रोलां बार्थच्या ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकात ‘एल’ या फ्रेंच मासिकातल्या पाककृतींच्या रंगीत फोटोंवर एक छोटं टिपण आहे. त्याचं निरीक्षण असं की या फोटोंतला प्रत्येक पदार्थ कशाने तरी झाकलेला असतो. सॉस, जेली, क्रीम, साखरेचा गुळगुळीत थर. आतलं मांस किंवा मासा, त्याचा ओबडधोबडपणा, त्या थराखाली जातो. कॅमेरा वर असतो, त्यामुळे पदार्थ अगदी जवळ दिसतो आणि तरी हाताला लागत नाही. खाणं नजरेनेच उरकतं. पुढे तो वर्गाचा मुद्दा आणतो. ‘एल’ची वाचक बेताच्या उत्पन्नातली, म्हणून तिला स्वप्न वाढायचं, ‘लेक्सप्रेस’च्या वाचकांच्या खिशात पैसे आहेत, म्हणून त्यांना खरोखर करता येतील अशा कृती द्यायच्या.

बार्थच्या वेळी फोटो काढणारं मासिक होतं आणि बघणारी बाई वेगळी होती. आता बघणारीच्याच हातात कॅमेरा आहे. ‘एल’च्या वाचकाला निदान आपल्या स्वयंपाकघराची आणि त्या पानाची तुलना करून उसासा टाकता येत होता. माझ्या आईला आता स्वतःच्याच बेसनावर तो थर चढवायचं काम मिळालं. त्या फोटोतला सांबार खाण्यासाठी नव्हता. आमच्या घरी बेसनात सांबार शिजतानाच पडतो. वरून टाकलेला कच्चा सांबार ही बार्थची जेलीच.

आता जरा बेसनाकडे बघू, कारण हा पदार्थ कॅमेऱ्यापुढे का हरतो हे कळलं की बरंच काही कळतं.

बेसनाला आकार नाही. ते पातळ असेल तर ताटभर जातं, घट्ट असेल तर ढेकूळ होतं. त्याला रंग एकच, पिवळा, आणि फोनच्या कॅमेऱ्याला एकाच रंगाने भरलेली चौकट आवडत नाही. व्हाइट बॅलन्सची एक जुनी पद्धत असं गृहीत धरते की चित्रातले सगळे रंग मिसळले तर सरासरी राखाडी यावी. सरासरी पिवळी आली की तिला वाटतं उजेड पिवळा आहे, आणि ती निळा ओतून तो ‘दुरुस्त’ करते. आताच्या फोनमधली गणितं याच्या बरीच पुढे गेलीत, पण ताटभर पिवळ्यापुढे तीही अडखळतात. आईच्या जुन्या फोटोंतलं बेसन म्हणून कधी हिरवट, कधी राखेसारखं दिसतं. तर्रीचं दुखणं वेगळं. स्वस्त एलईडी दिव्यांच्या उजेडात गडद लाल फार कमी असतो. उजेडातच जो रंग नाही तो वस्तूवरून परत कसा येणार? तेलावर तरंगणारा तिखटाचा लाल तवंग फोटोत तपकिरी येतो. मग फोन आपणहून ओळखतो की हे अन्न आहे, आणि रंग भडक करतो. तपकिरी तर्री भडक केली की ती वीटकरी होते. आधी दिव्याने जे घेतलं ते सॉफ्टवेअर अंदाजाने परत देतं, आणि तो अंदाज दुसऱ्या कुणाच्या जेवणावरून बांधलेला असतो.

कुणाच्या, तेही थोडंफार माहीत आहे. अन्न ओळखण्याच्या संशोधनात वर्षानुवर्षं वापरला गेलेला एक प्रसिद्ध संच आहे, ‘फूड-१०१’. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. १०१ पदार्थ, प्रत्येकाचे १,००० फोटो. फोटो घेतले ‘फूडस्पॉटिंग’ या साइटवरून, जिथे लोक हॉटेलात खाल्लेल्या पदार्थांचे फोटो टाकायचे. त्या १०१ पदार्थांत आपल्याकडचे म्हणता येतील असे दोन: समोसा आणि चिकन करी. कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी हाच संच वापरला होता. मॉडेल तयार झाल्यावर गंमत म्हणून त्याला घरच्या जेवणाचे फोटो दाखवले. बेसन-भाकरीला त्याने एका खेपेला हमस म्हटलं. आम्ही चौघं खूप हसलो आणि तो स्क्रीनशॉट प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर लावला. परीक्षकही हसले. मॉडेलची यात चूक नव्हती. त्याला घर दाखवलंच नव्हतं कुणी.

स्टीलचं सांगायचं राहिलं. जेवणाचे फोटो काढणारे लोक स्टीलला घाबरतात. त्यांना मातीचं, लाकडाचं, मंद रंगाच्या सिरॅमिकचं भांडं लागतं, कारण ते उजेड पसरवतं. स्टील आरसा आहे. ते ट्यूबलाइट दाखवतं, छत दाखवतं, फोटो काढणाऱ्याला दाखवतं. फोटोसाठी म्हणून लोकांनी घरात काळ्या पाटीसारख्या बश्या आणलेल्या मी पुण्यात पाहिल्यात. एका मित्राकडे तशा दोनच आहेत आणि त्यांत कुणी जेवत नाही. आईच्या जुन्या फोटोंपैकी एकात वरणाची गंजी आहे. झूम केलं तर गंजीच्या फुगीर पोटावर आई दिसते, दोन्ही हातांत फोन धरलेली, डोकं लहान आणि हात मोठे. मागे दारात बाबा उभे. माझ्या ‘नीट’ फोटोत हे काहीच नाही. साडीच्या घडीवर ताट आणि ताटात अन्न. ते कुठेही असू शकलं असतं.

इथे कुणी म्हणेल की हा सगळा परदेशी भाषेचा दोष झाला, आपल्याकडे ताटाची स्वतःची भाषा आहे की. आहे. डावी बाजू, उजवी बाजू, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाताची मूद, वरण, तूप. मराठी जेवणाचे फोटो टाकणारी बहुतेक पानं याच मांडणीवर चालतात. सणाच्या दिवशी केळीच्या पानावर, एरवी पितळी ताटात. ही मांडणी देखणी आहे आणि वरून काढलेल्या फोटोला तर अगदी सोयीची. पण ती पंगतीची भाषा आहे. पंगत म्हणजे समारंभ, आणि कुठल्या घरांच्या समारंभाला ‘पारंपरिक महाराष्ट्रीय ताट’ म्हणायचं हे फार आधी ठरून गेलंय. ज्या घरात रोजच्या जेवणाला दोनच गोष्टी असतात, भाकर आणि तिच्याबरोबर काहीतरी, तिथे डावं-उजवं काय करणार? आमच्या ताटाला मध्य आहे, कड आहे, आणि कांद्यासाठी जिथे जागा उरेल तिथे जागा आहे.

पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने २००९ साली एक पुस्तक निघालं, ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’. दलितांच्या अन्नाच्या आठवणींचं. शीर्षकातला शब्द ताट आहे हे मला आता जास्त जाणवतं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. भूषण कोरगांवकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०२४ साली निघाला आणि मग इंग्रजी वाचणाऱ्या अनेकांना मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकघराची पहिल्यांदा गाठ पडली. पाटोळे पाककृती देतात, पण तुम्ही त्या करून बघाव्यात एवढ्याचसाठी नाही. जात माणसाच्या ताटात काय येऊ देते याचा तो हिशोब आहे. रक्ती किंवा चान्या यांचा ‘सुंदर’ फोटो काढायला निघालेल्या माणसाची कल्पना करून बघा. खिडकीचा उजेड, लाकडी पाट, बाजूला विखुरलेले मिरीचे दाणे. असा फोटो त्या अन्नाला सन्मान देईल की त्याच्यामागची उपासमार पुसून टाकेल? मला दुसरं वाटतं. आमचं घर शेतकऱ्याचं आहे. पाटोळे लिहितात ती वंचना आमच्या वाट्याला आलेली नाही, आणि आईच्या ताटाला मी तो मान देऊ पाहत नाही. पण त्यांच्या पुस्तकाने मला एक सवय लावली: फोटोतलं ताट बघितलं की हे कुणी, कशातून आणि कुणाच्या नंतर खाल्लं, असं विचारायची.

‘कुणाच्या नंतर’ हे फोटोला सगळ्यात अवघड जातं.

फोटोसाठी पूर्ण ताट एका क्षणी समोर लागतं. घरचं जेवण असं कधीच नसतं. ते वाढलं जातं. पहिली भाकर तव्यावरून थेट ताटात येते, ती संपत आली की दुसरी फुगत असते. बेसन एकदा वाढतात, मग पुन्हा वाढतात, तिसऱ्यांदा विचारतात आणि ‘नको’ म्हटलं तरी वाढतात. ताट भरलेलं असं कधी नसतंच. ते सतत रिकामं होत आणि भरत असतं. त्यातला कुठलाही क्षण धरला तरी ते अर्धवट दिसतं. मग फोटोसाठी आपण काय करतो? सगळं एकदम वाढून घेतो. आईला सांगतो थांब. दोन भाकरी एकावर एक ठेवतो. म्हणजे ज्या फोटोचं आपण कौतुक करतो त्यासाठी आधी वाढणं थांबवावं लागतं. आणि पदार्थ गार होतो, हे तर आईने तेव्हाच सांगितलं होतं. गार झालेलं बेसन वरून सायीसारखं धरतं. त्या सायीवर उजेड छान पडतो, हेही खरं.

फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली, निसेफोर निएप्सच्या नावाने ओळखली जाणारी एक प्रतिमा आहे, मांडलेल्या टेबलाची. टेबलक्लॉथ, बाटली, वाडगा, सुरी, चमचा, पाव. मूळ प्लेट आज नाही, छापलेली प्रत तेवढी उरलीय. टेबलाशी माणूस नाही. त्या काळी उजेड टिपायला तासच्या तास लागत. खाणारा बसला असता तर धुरासारखा दिसला असता. आपल्याकडे आता सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, तरी टेबल रिकामंच ठेवायची सवय गेलेली नाही. तेव्हा तो नाइलाज होता. आता ती आवड आहे.

चलच्चित्राला हे थोडं बरं जमतं, कारण त्याच्याकडे वेळ आहे. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल नातवाने २०२०मध्ये सुरू केलं आणि ते लाखो लोकांपर्यंत गेलं. त्यात मला रस वाटतो तो हातात. मसाला वाटताना, पीठ मळताना हाताची गती बदलते, आणि पदार्थाचा पोत कसा असावा हे तिथे कळतं. शेवटी ताट येतं, पण तोवर ताटाची गरज संपलेली असते. सचिन कुंडलकरच्या ‘गुलाबजाम’ (२०१८) या सिनेमाबद्दल मात्र माझं मन अजून दोन बाजूंना ओढलं जातं. लंडनची बँकेतली नोकरी सोडून आलेला आदित्य पुण्यात डबे करणाऱ्या राधाकडे मराठी स्वयंपाक शिकायला येतो, ही गोष्ट मला आवडते; सोनाली कुलकर्णीने ती राधा फार चांगली केलीय, तिचा तुटकपणा कुठेही गोड होऊ दिलेला नाही. पण त्यातला पदार्थ पडद्यावर येतो तेव्हा तो बघण्यासाठी येतो, सोनेरी उजेडात, जवळून. माणसं अवघड आहेत आणि अन्न अजिबात अवघड नाही. आदित्यला शिकायला इतके कष्ट पडतात ते आपल्याला ताटात कुठेच दिसत नाहीत. सिनेमा बघून मी भूक लागून बाहेर आलो, हे त्याचं यश म्हणायचं. पण राधाच्या अंगाला फोडणीचा वास येत असेल, हे मला सिनेमागृहात एकदाही वाटलं नाही.

याच्या उलट टोकाला कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ ठेवता येईल. १९७० सालची. एका अख्ख्या पिढीने त्या पुस्तकावरून स्वयंपाक केला तो वाट्या आणि चमचे मोजून. पदार्थ ‘असा दिसला पाहिजे’ याचा धाक तिथे नाही. वाटीचं माप घेऊन तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात जाता आणि जे होतं ते तुमचं असतं. फोटो आला की आधी निकाल दिसतो, मग आपण कुठे कमी पडलो ते.

आता त्या दिवाळीनंतर काय झालं ते सांगतो, कारण नाहीतर ही सगळी रिकामटेकडी चर्चा ठरेल.

दिवाळीच्या आधी आई जवळजवळ रोज फोटो पाठवायची. अंबाडीची भाजी. कढी-फुणके. भात-वरण. नुसत्या मुगाच्या वड्या, उन्हात, गच्चीवर, चौकटीत अर्धी चप्पल. मी ऑफिसात ते बघायचो आणि अंगठा दाबून पुढे जायचो. शिकवणी झाल्यावर फोटो सुधारले. मग कमी झाले. डिसेंबरात आठवड्याला एक. संक्रांतीला तिळाच्या पोळीचा आला, साडीच्या घडीवर, काठ पुसलेला, वरून काढलेला, सुरेख. मी त्याला हार्ट दिलं. मग तीन आठवडे काही नाही. फोनवर बोलणं व्हायचं. जेवलीस का, हो जेवले, तू जेवला का, हो. फेब्रुवारीत अचानक सुट्टी मिळाली म्हणून घरी गेलो तर आईच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. संक्रांतीनंतर चार दिवसांनी अंगणात घसरून पडली होती. कारंज्याला नेऊन प्लास्टर घातलं. तीन आठवडे बाबा खिचडी करत होते. रोज दोन्ही वेळा खिचडी, एखाद्या दिवशी शेजारच्या काकूंकडून भाकर. “तुले काहून सांगायचं, तू तिकून काय करणार होता?” हे एक कारण. दुसरं तिने सहज सांगितलं: “अन् खिचडीचा काय फोटो काढाव?”

जुनी आई खिचडीचा फोटो पाठवायची. माझ्याकडे तसे किमान सहा आहेत. गंजीत, अर्धी संपलेली, कडेला करपलेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा खिचडी बघितली असती तर मी विचारलं असतं. निदान असं मला वाटून घ्यायचंय.

त्या रात्री मी ग्रुपवरचे सगळे फोटो मागे जाऊन बघितले, पहिल्यांदाच एकामागून एक. त्यात काय नव्हतं! वांगी स्वस्त झाली की सलग आठ दिवस वांगी. ज्या वर्षी तूर गेली त्या वर्षी वरण पातळ होत गेलेलं. बाबांची शुगर वाढल्यावर भाताची जागा ताटातून हळूहळू आक्रसलेली. आमच्या शेतात सोयाबीन आणि तूर. भाकरीची ज्वारी विकत येते, तिचा भाव चढला की पोळी जास्त दिसते. पीटर मेन्झेल आणि फेथ डी’अलुझियो यांचं ‘हंग्री प्लॅनेट’ (२००५) नावाचं पुस्तक आहे. २४ देशांतली ३० कुटुंबं, आणि प्रत्येकासमोर त्यांचं आठवडाभराचं अन्न मांडून काढलेला फोटो. त्यात उज्जैनचं एक कुटुंबही आहे. पिठाच्या पिशव्या, भाज्या, दूध, आणि बाजूला खर्चाचा आकडा. मला ते पुस्तक जेवणाच्या फोटोंच्या बहुतेक पुस्तकांपेक्षा प्रामाणिक वाटत आलंय, कारण ते हिशोब लपवत नाही. पण तोही मांडलेला आठवडा आहे, पाहुणा फोटोग्राफर येणार म्हणून मांडलेला. आईचे फोटो कुणी मांडलेले नव्हते. त्यांत साडेतीन वर्षांचा एका घराचा हिशोब होता आणि लिहिणारीला आपण तो लिहितोय हे माहीत नव्हतं. मी तिला सुंदर अक्षर काढायला शिकवलं आणि पत्र बंद पडलं.

त्याच रात्री आणखी एक मोजलं. इंजिनिअर आहे, मोजल्याशिवाय झोप येत नाही. ताट दिसतं असे फोटो ४१२. त्यांतलं बाबांचं ताट ओळखू येतं, त्यांना मोठं लागतं. घरी असलो की माझं, त्यावर आजीचं नाव कोरलेलं. पाहुण्यांची ताटं. आईचं ताट एकही नाही. मला वाटलं, फोटो काढणारी तीच, म्हणून तिचं राहून गेलं असेल. किंवा ती शेवटी जेवते, तोवर फोन चार्जिंगला असतो.

सकाळी मी तिच्या फोनमधलं पदार्थ ओळखून रंग भडक करणारं सेटिंग बंद केलं. साडीची घडी कपाटात गेली होतीच. बाकी काही सांगितलं नाही. एकदा शिकवलेलं परत कसं काढून घ्यायचं हे मला माहीत नाही. पुण्याला निघताना एवढंच म्हटलं, की तू जेवतेस त्याचा पाठव कधीतरी.

प्लास्टर निघाल्यावर मार्चमध्ये फोटो आला. रात्री पावणेदहाला. कढई आहे, अॅल्युमिनियमची, आतून काळी. तळाला चिकटलेलं बेसन, त्यात भाकरीचा तुकडा अर्धा बुडवलेला, दोन बोटांच्या रेघा जिथे तळ खरवडून घेतलाय. एका बाजूला ट्यूबलाइटचा पट्टा. फोकस भाकरीवर नाही, कढईच्या कानावर आहे. खाली लिहिलंय:

‘ताट कुठं असते माह्यं. कढईतच जेवतो मी.’